पुस्तक अर्धं सोडू नका: माजी विद्यार्थी संघांना आणि विद्यापीठ प्रशासनांना खुलं पत्र

प्रति,
विद्यापीठांच्या माजी विद्यार्थी संघांचे पदाधिकारी,
कुलगुरू, कुलसचिव आणि कर्मचारी संघटनांचे प्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी आहे आणि त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली कर्मचारीही आहे. सेवाकार्यासाठी तुम्ही ज्यांना हाक देता, त्या दोन्ही याद्यांत माझं नाव आहे आणि दोन्हीकडून मी त्या हाकेला ओ दिलेली आहे. आज लिहायला बसले ते एका पुस्तकामुळे. एकोणीस प्रकरणांचं ते पुस्तक होतं. त्यातली शेवटची चार प्रकरणं एका मुलीला कधीच ऐकायला मिळाली नाहीत.

झालं असं. माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याला जोडून एक सेवादिन ठरला. अंध विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं ध्वनिमुद्रित करून द्यायची, अशी कल्पना निघाली आणि मला ती मनापासून आवडली. चाळीस जण आले. कोणी बँकेत अधिकारी, कोणी वकील, कोणी लांबून खास रजा काढून आलेलं. दहा खोल्यांत वाचन सुरू झालं. माणसं जीव लावून वाचत होती. एक गृहस्थ 'मागणीची लवचिकता' हे शब्द नीट उमटेनात म्हणून तेच वाक्य चार वेळा वाचत होते, ते अजून डोळ्यांपुढे आहेत. संध्याकाळपर्यंत चार पुस्तकं सुरू झाली होती, पुरं एकही झालं नव्हतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकाची अकरा प्रकरणं झाली होती. उरलेलं पुढच्या शनिवारी, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पुढच्या शनिवारी पाच जण आले आणि त्यांनी आपापलं अडलेलं पान पुढे नेलं. त्याच्या पुढच्या शनिवारी दोघं आले. मग कोणीच नाही.

ते पुस्तक जिच्यासाठी होतं ती दुसऱ्या वर्षात शिकत होती. दर दोन दिवसांनी ग्रंथालयात येऊन ती एवढंच विचारायची, "मॅडम, बारावं आलं का?" तिच्या आवाजात तक्रार नसायची, आणि म्हणूनच तो प्रश्न मला जास्त लागायचा. शेवटी मीच रात्री घरी बसून बारा ते पंधरा ही प्रकरणं वाचली. वाक्यं वाचणं जमलं. आलेख आले तिथे मी थांबले. मागणीची रेषा आणि पुरवठ्याची रेषा कुठे छेदतात, ती सरकली तर काय होतं, हे न पाहणाऱ्याला शब्दांत कसं सांगायचं, ते मला येईना. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. परीक्षेला आठवडा उरला तेव्हा सोळावं प्रकरण समोर उघडं होतं आणि ती पंधरा प्रकरणांवर परीक्षेला बसली.

नंतर लक्षात आलं की त्या चाळीस जणांत अर्थशास्त्राचे तीन पदव्युत्तर होते. त्यांच्या हाती मी इतिहासाचं पुस्तक दिलं होतं, कारण खोल्यांची यादी मी आडनावांच्या क्रमानं केली होती. चूक माझीच होती. पण कोणाला काय येतं हे सांगणारा एकही कागद त्या दिवशी माझ्याकडे नव्हता आणि तुमच्या कार्यालयातही नव्हता. तुमच्या नोंदवहीत आमचं उत्तीर्ण होण्याचं वर्ष असतं, शाखा असते, सध्याचा हुद्दा, पत्ता, दूरध्वनी असतो. देणगीचं आवाहन पाठवायला एवढी माहिती पुरते. 'येतं काय' आणि 'वेळ कधी देऊ शकता' हे दोन रकाने मात्र मी आजवर कुठल्याच अर्जात पाहिले नाहीत. ते दोन रकाने घाला. या पत्रातली सगळ्यात स्वस्त मागणी हीच आहे आणि बाकीचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे.

वाचून दाखवणं हे वरवर सोपं वाटणारं काम आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते. आलेख सांगताना आधी आडवा अक्ष कशाचा, उभा कशाचा ते सांगायचं, मग रेषा कुठून निघून कुठे जाते, आणि सर्वांत शेवटी त्यातून काय दाखवायचं आहे. तक्ता वाचताना प्रत्येक ओळीत स्तंभाचं नाव पुन्हा घ्यायचं, नाहीतर तिसऱ्या ओळीला ऐकणारा हरवतो. तळटीप कुठे वाचायची हे सुरुवातीलाच ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच पाळायचं. छापील पान यंत्रात घालून त्याचा मजकूर केला, म्हणजे संगणकाचा आवाज तो वाचून दाखवेल, हे खरं आहे. पण यंत्र रफार गाळतं, जोडाक्षरं फोडतं, दोन स्तंभांची पानं एकात एक मिसळतं. जुन्या, युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर तर पडदावाचकाला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या संगणकाच्या आवाजाला, मुळी मराठी वाटतच नाही, तो त्यातली रोमन अक्षरं बडबडत सुटतो. कोणीतरी मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. हे काम घरबसल्या होतं, रात्री होतं, परदेशात बसूनही होतं. फक्त एका दिवसात होत नाही.

आणि यात कायद्याची अडचण आहे, असं आता कोणी म्हणू नये. २७ जून २०१३ रोजी मराकेश इथे झालेल्या करारानं छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करायला आणि त्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायला वाट मोकळी करून दिली. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आहे. करारात सामील झालेल्या देशांत वाट आहे, तंत्र आहे. उरलं आहे ते बसून काम करणारं माणूस, आणि अशी माणसं तुमच्या यादीत हजारोंनी आहेत.

मला एकट्या ध्वनिमुद्रणाबद्दल बोलायचं नाही. सेवादिन नावाची जी रीत जगभरच्या विद्यापीठांत रुळली आहे, तिची घडणच अशी झाली आहे की काम सुरू होतं आणि तिथेच राहतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९८५ साली ५ डिसेंबर हा स्वयंसेवकांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. ज्यांनी वर्षभर काम केलं त्यांची त्या दिवशी आठवण काढावी, त्यांचे आभार मानावेत, म्हणून तो दिवस चांगलाच आहे. पण वर्षभराचं काम त्या एकाच दिवसात उरकायचं ठरलं की ते काम दिवसाच्या मापाचं निवडावं लागतं. मग जे काम एका दिवसात संपल्यासारखं दिसतं तेच आपण उचलतो: रंगवणं, वाटणं, लावणं. ज्यांना हवं आहे त्यांची गरज मात्र सहसा बारावं प्रकरण अशा रूपात येते.

हे पूर्वीही असंच होतं, असं मात्र नाही. १८८४ साली सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्यानं पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल उभा केला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे पदवीधर तिथे राहायला गेले. राहायला हा शब्द मी जाणून लिहिला आहे. दिवसा आपापलं काम करायचं आणि संध्याकाळी त्याच वस्तीत परत यायचं, तिथल्या लोकांना शिकवायचं, कायद्याचा सल्ला द्यायचा, त्यांच्याकडून त्यांचं जगणं समजून घ्यायचं, असा तो बेत होता. विल्यम बेव्हरिज तरुणपणी तिथे उपप्रमुख होते, क्लेमंट अ‍ॅटली काही काळ सचिव होते. पुढे १९४२ साली ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेचा आराखडा बेव्हरिज यांनी मांडला आणि १९४५ साली पंतप्रधान झालेल्या अ‍ॅटलींच्या सरकारनं तो बऱ्याच अंशी अमलात आणला. त्या आराखड्याचं सगळं श्रेय एका इमारतीला देणं अतिशयोक्ती होईल. पण गरिबी ही आकड्यांत वाचायची गोष्ट नव्हे, ती शेजारी राहते, हे त्या दोघांनी तिथे पाहिलं होतं.

टॉयन्बी हॉल पाहून आलेल्या जेन अ‍ॅडम्स यांनी एलेन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ साली शिकागोत हल हाउस हे तसंच वस्तीतलं घर सुरू केलं. त्यांची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यांच्या वॉर्डात कचरा उचलला जात नव्हता आणि मुलं आजारी पडत होती. १८९५ साली अ‍ॅडम्स यांनी त्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षकाचं पद स्वतः स्वीकारलं आणि सकाळी लवकर उठून कचऱ्याच्या गाड्या निघाल्या की नाहीत हे पाहायला त्या जाऊ लागल्या. सुशिक्षित, नावाजलेली बाई, आणि काम काय, तर गाड्या मोजणं. त्याच घरात राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली १८९३ साली इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. वस्तीत राहून जे पाहिलं, ते तपासण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला.

आपल्यातल्या कोणाला संसार सोडून वस्तीत राहायला जाता येणार नाही आणि मी ते सुचवतही नाही. घरी म्हातारी माणसं असतात, मुलं असतात, कर्जाचे हप्ते असतात. पण त्या लोकांच्या कामातला एक भाग आपल्याला जसाच्या तसा घेता येतो, तो म्हणजे उद्या परत येणं. आठवड्यातला एक तास, पण तोच वार, तीच वेळ, तेच माणूस. वर्षभर. इतकं जरी ठरलं, तरी सेवादिनाच्या चाळीस माणसांपेक्षा चार माणसांचं काम जास्त भरतं. त्या पुस्तकानं मला हेच शिकवलं.

विद्यार्थ्यांकडून हे करून घ्यायला आपण शिकलो आहोत, हे कबूल केलं पाहिजे. भारतात २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास, असं तिचं माप आहे. मेक्सिकोत सामाजिक सेवा ही पदवीची अटच आहे, किमान ४८० तासांची. या योजनांतून माणसं घडली, त्यांतली काही मी जवळून पाहिली आहेत. पण पदवी हातात पडली की तास संपतात. ज्या वयात माणसाला खरोखर काही येऊ लागतं, अनुभव येतो, ओळखी होतात, थोडी सवड आणि थोडे पैसे हाताशी येतात, त्या वयात त्याला विद्यापीठाकडून येतं ते स्नेहभोजनाचं निमंत्रण. अठराव्या वर्षी जे मागितलं ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मागायला आपण का संकोचतो, हे मला कळलेलं नाही. मागून पाहा. बरीच माणसं हो म्हणतील, कारण त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नाही.

आता माझ्या दुसऱ्या यादीकडे येते, कर्मचाऱ्यांच्या. विद्यापीठाची सेवा म्हटली की प्राध्यापकांची व्याख्यानं आणि विद्यार्थ्यांची शिबिरं डोळ्यांपुढे येतात. शिक्षकेतर माणसं त्या चित्रात खुर्च्या लावताना दिसतात. मला याचं दुःख होतं, कारण बाहेरच्या जगाला रोज लागणारी कौशल्यं याच माणसांच्या हातात आहेत.

आमच्या विज्ञान विभागातल्या एका प्रयोगशाळा परिचराचं उदाहरण देते. शाळांच्या कपाटांत सूक्ष्मदर्शकं वर्षानुवर्षं पडून असतात. दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते, फिरवायचा खटका घट्ट बसतो, आणि 'बिघडलंय' म्हणून ते कपाट कायमचं बंद होतं. हा माणूस सुटीच्या दिवशी जाऊन ती भिंगं पुसायचा, खटक्यांना वंगण द्यायचा, आणि निघताना तिथल्या शिक्षकाला पेटीत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी कशी ठेवायची, ती कधी बदलायची, ते शिकवून यायचा. सहा महिन्यांनी पुन्हा फेरी. मुलांनी कांद्याच्या सालीतल्या पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या त्याच्यामुळे. त्याची ही कामगिरी विद्यापीठाच्या कुठल्याही अहवालात नाही, कारण ती कुठल्याही समितीनं ठरवलेली नव्हती. लेखा विभागातला लिपिक एखाद्या लहान संस्थेची वर्षअखेरीची वही लावून देऊ शकतो, ज्या वहीच्या भीतीनं चांगल्या संस्था बंद पडतात. वायरमन एखाद्या वसतिगृहाची अर्थिंग तपासू शकतो. माळ्याला कोणतं रोप कुठे जगतं हे ठाऊक असतं, आणि दर वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावणाऱ्यांनी त्याला एकदा तरी विचारायला हवं.

पण कर्मचाऱ्यांना हाक देताना एक गोष्ट कटाक्षानं टाळा, आणि इथे मला थोडं कठोर व्हावं लागणार आहे. 'ऐच्छिक' असं छापलेलं परिपत्रक यावं आणि खाली 'सर्वांची उपस्थिती अपेक्षित' अशी ओळ असावी, दारात हजेरीपत्रक असावं, हे मी पाहिलं आहे. कंत्राटी मुलगी सुटीच्या दिवशी झाडू घेऊन येते ती सेवाभावानं येते, की करार पुढे वाढणार नाही या भीतीनं, हे तुम्ही तिला विचारू शकत नाही आणि ती सांगू शकत नाही. तिथे तिला दोष देऊ नका. वरिष्ठानं आपल्या हाताखालच्या माणसाला स्वयंसेवेसाठी बोलावूच नये, नोंदणी दुसऱ्या कोणाकडे तरी असावी, आणि कोण आलं नाही याची यादी कधीही कोणापुढे जाऊ नये. शिवाय रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस म्हणजे त्याची मजुरी असते. त्यानं सेवा करावी असं वाटत असेल तर वर्षातले काही दिवस भरपगारी सेवारजा द्या आणि येण्याजाण्याचा खर्च द्या. नाहीतर सेवा ही ज्यांना परवडते त्यांचीच होईल, आणि ज्यांना वस्तीची भाषा येते ती माणसं बाहेर राहतील.

याच्याच शेजारची दुसरी गोष्ट. मंजूर पद रिकामं ठेवून तिथे स्वयंसेवक बसवू नका. ग्रंथालयात सहायक नाही म्हणून निवृत्त कर्मचारी फुकट येऊन बसले, असं घडलं की बाहेरून ते कौतुकाचं दिसतं. आत एका तरुण माणसाची नोकरी गेलेली असते. मला असं बोलावणं आलं होतं. मी नाही म्हटलं, आणि ज्या ग्रंथालयात आयुष्य गेलं त्याला नाही म्हणताना काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

काय द्यायचं हे ज्यांना हवं आहे त्यांनी ठरवावं, हे वाक्य सगळेच बोलतात. ते कसं करायचं याचा एक जुना दाखला आहे. १८६७ साली उत्तर इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या मंडळांनी केंब्रिजच्या जेम्स स्ट्युअर्ट यांना व्याख्यानं द्यायला बोलावलं. विद्यापीठाची दारं तेव्हा त्यांना बंद होती. स्ट्युअर्ट गेले, त्यांनी व्याख्यानाची रूपरेषा छापून हातात दिली, लेखी प्रश्न दिले आणि उत्तरं तपासून परत केली. त्यातूनच १८७३ साली केंब्रिजनं विद्यापीठाबाहेर शिकवण्याचं काम अधिकृतपणे हाती घेतलं. मागणी बाहेरून आली होती आणि तिच्याप्रमाणे शिकवण्याची तऱ्हा बदलली. याउलट १९६८ साली इव्हान इलिच या विचारवंतांनी मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं की तुमची सदिच्छा तिथल्या लोकांना नको आहे. ज्यांच्याशी तुम्हाला धड बोलताही येत नाही त्यांच्यावर तुम्ही स्वतःला लादत आहात. इतकं टोकाचं मला पटत नाही. तसं मानलं तर कोणी कोणाच्या दारी जाऊच नये. पण 'तुम्हाला बोलावलं कोणी?' हा त्यामागचा प्रश्न प्रत्येक उपक्रमाच्या आधी विचारावा असाच आहे. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या आठवड्यात आम्ही त्या मुलीला एकदा विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की इतिहासाचं पुस्तक तिच्या वरच्या वर्गातल्या मुलांकडे आहे, तिला फक्त अर्थशास्त्र हवं आहे. चार पुस्तकं अर्धी करण्याऐवजी एक पुरं झालं असतं.

यासाठी एक माणूस लागतो. पूर्णवेळ, पगारी, निदान तीन वर्षं त्याच जागी राहणारा. समितीतला एखादा उत्साही सदस्य किंवा अधिक कार्यभार सोपवलेले प्राध्यापक हे काम करू शकणार नाहीत. मागण्या ऐकायच्या, त्यातल्या कोणत्या आपल्याच्यानं होतील हे ठरवायचं, दोन रकान्यांतून माणूस शोधायचा, त्याला काम शिकवायचं, तो चौथ्या आठवड्यात आला नाही तर फोन करायचा, आणि त्याला सोडायचं असेल तर त्याच्या जागी दुसरा उभा करून मगच सोडायचं. स्वयंसेवक विनामूल्य येतो, त्याला सांभाळणं विनामूल्य होत नाही. मेळाव्याच्या मांडवावर आणि स्मृतिचिन्हांवर जे खर्च होतं त्यातून या माणसाची तरतूद करा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

मुलांमध्ये काम असेल तर त्याच माणसानं काही नियम कोणाचीही भीड न ठेवता पाळावेत. येणाऱ्याची पार्श्वभूमी तपासलेली असावी, मग तो कितीही मोठ्या हुद्द्यावर असो. मुलाबरोबर एकटं कोणी बसू नये, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असावं. छायाचित्र काढायचं तर पालकांना विचारून, आणि मूल नको म्हणालं तर पालकांनी हो म्हटलं तरी काढू नये. माजी विद्यार्थ्यांना यात अपमान वाटेल अशी भीती तुमच्या पदाधिकाऱ्यांना वाटते. चांगल्या माणसाला वाटत नाही.

नव्या विद्यार्थ्यांना माजी विद्यार्थ्यांनी मार्गदर्शन करावं, या योजना बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. एवढंच म्हणते की घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या मुलाला यशाची कहाणी सांगणाऱ्या वक्त्याची गरज कमी असते. अर्जातला कोणता कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, नापास झालो तर पुढे काय, घरून पैसे येईनात तर कोणाकडे जायचं, हे विचारता येईल असा एक फोन नंबर त्याला हवा असतो, आणि तो उचलला जायला हवा.

वार्षिक अहवालात आपण 'इतके तास, इतके स्वयंसेवक' असं छापतो. आमच्या त्या सेवादिनाची नोंदही तशीच झाली: चाळीस स्वयंसेवक, दोनशे चाळीस तास. आकडा खरा होता. त्या आकड्यात सोळावं प्रकरण कुठेच दिसत नव्हतं. यापुढे अहवालात तीन गोष्टी लिहा. हाती घेतलेली किती कामं पुरी झाली. मागच्या वर्षीच्या स्वयंसेवकांपैकी किती जण यंदाही आले. आणि लोकांनी काय मागितलं जे आपण देऊ शकलो नाही. तिसरी गोष्ट लिहायला सगळ्यात अवघड जाईल, पण पुढच्या वर्षीच्या कामाची यादी तिथूनच मिळेल. पहिल्या वर्षी आकडे लहान दिसतील, त्याला घाबरू नका. घेतला वसा टाकू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. किती वसे घेतले याची मोजदाद कोणी ठेवायला सांगितली नव्हती.

काम संपवून बाहेर पडायची वेळही आधीच ठरवावी. शाळेतल्या शिक्षकाला भिंगं पुसता येऊ लागली की परिचराची फेरी थांबायला हरकत नाही. आपल्याशिवाय चालू राहील असं काहीतरी मागे उरावं आणि निघताना त्या लोकांना सांगून निघावं. न सांगता येईनासं होणं फार वाईट. दारात उभं राहून दर दोन दिवसांनी विचारावं लागतं, आलं का म्हणून.

ती मुलगी पुढे उत्तीर्ण झाली. पंधरा प्रकरणांवर आणि स्वतःच्या बुद्धीवर. निकालानंतर ती मला भेटायला आली आणि जाताना म्हणाली, "मॅडम, ती चार प्रकरणं तरीही करून ठेवा. पुढच्या वर्षी कोणीतरी असेल." ती प्रकरणं अजून झालेली नाहीत. पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे, प्रकरणांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे आता पहिल्यापासूनच करावं लागेल. मी प्रत मिळवून ठेवली आहे.

तुमच्या अर्जात ते दोन रकाने येतील तेव्हा माझी नोंद अशी करा. येतं काय: मराठी वाचन, मुद्रितशोधन, ग्रंथसूची. वेळ: दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ, वर्षभर. अर्थशास्त्र येणारं एक माणूस सोबत हवं आहे, आलेखांसाठी.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि निवृत्त ग्रंथालय कर्मचारी